खणात गुंडाळून आलेलं सॅम्पल

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम पाहणाऱ्या बाई दहाएक वर्षांपूर्वी पुण्याहून म्हैसूरला आल्या. त्या मला म्हणाल्या, "काका, इतकी वर्षं संशोधनात काढलीत, काहीतरी लिहा ना." मी विचारलं, "कशावरचं संशोधन, माहीत आहे?" त्या म्हणाल्या, "बायोलॉजी ना?" मी म्हटलं, "माणसांची शी." बाई म्हणाल्या, "फराळाच्या पाककृतींपासून लांबच्या पानावर घेऊ." तेव्हा हे पान चकल्यांपासून बऱ्यापैकी दूर आलं असेल अशी आशा आहे.

मी कृष्णोजीराव. राहणार नजरबाद. आमचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर होते असं आमच्या घरात सांगतात. घोडा गेला, मराठी राहिलं, तेही अर्धं कन्नड मिसळलेलं. मंडळात मी बोलायला उभा राहिलो की महाराष्ट्रातून नव्यानं आलेली मंडळी प्रेमानं हसतात. हा लेख बाईंनी तपासलाय, तेव्हा शुद्ध वाटलं तर श्रेय त्यांचं.

शहरातल्या एका संशोधन संस्थेत आतड्यांची प्रयोगशाळा आहे. तिथे मी तंत्रज्ञ होतो. काम सोपं करून सांगतो. आपल्या मोठ्या आतड्यात सूक्ष्म जीवांची एवढी वस्ती असते की पृथ्वीवर तेवढी माणसं नाहीत. त्यातले बहुतेक सज्जन. आपण पचवू शकत नाही तो कोंडा-चोथा ते खातात आणि बदल्यात आतड्याच्या अस्तराला खाऊ घालतात. फक्त त्यांना हवा सोसत नाही. बाहेरची हवा लागली की पटापट मरतात. म्हणून त्यांना काचेच्या बंद पेटीत ठेवायचं, पेटीतला ऑक्सिजन काढून टाकायचा आणि पेटीला जोडलेल्या रबरी हातमोज्यांत बाहेरून हात घालून काम करायचं. मी बावीस वर्षं त्या हातमोज्यांत हात घालून उभा होतो. लोक विचारायचे, वास येत नाही का? येतो. वासावर तर आमचं निम्मं काम चालतं. अनुभवी माणूस झाकण उघडताच सांगू शकतो की हा माणूस मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, खातो की बेकरीतले पफ.

सॅम्पल देणाऱ्यांवर वेगळा अंक काढता येईल. एक निवृत्त हेडमास्तर स्टीलच्या डब्यातून घेऊन आले. डब्यावर त्यांचं नाव कोरलेलं होतं आणि डबा परत हवा होता. मी धुऊन दिला. त्यांनी माझ्यासमोर पुन्हा धुतला. एका इंजिनियरला बायकोपेक्षा आपले मार्क जास्त आहेत का ते कळायला हवं होतं. सांगितलं, इथे मार्क नसतात. तो म्हणाला, मग ग्रेड सांगा. बेट्टदपुरच्या बाजूच्या एका गावात आम्ही तीस घरांत बाटल्या वाटल्या होत्या. बाटलीत तळाला औषधी पाणी होतं, जीव टिकावेत म्हणून. गावच्या बायकांनी ते घाण पाणी ओतून दिलं, बाटल्या साबणानं घासल्या, उन्हात वाळवल्या आणि मग भरून दिल्या. इतक्या चकचकीत बाटल्या मी कधी पाहिल्या नाहीत. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "चूक आपली आहे. पाणी कशाला आहे ते सांगितलं नाही." मी मान हलवली. मान हलवून जे शिकायला हवं होतं ते मात्र मी शिकलो नाही, आणि खरं सांगायचं ते तेवढंच आहे.

आमच्या मागच्या गल्लीत सुंदराबाई राहतात. त्यांचे यजमान माझे दोस्त. आम्ही एका शाळेत, एका बाकावर. ते पन्नाशीच्या आत गेले. सुंदराबाईंना मी वहिनी म्हणतो, त्या मला भावजी. मुलगा बेळगोळच्या एका कारखान्यात सुपरवायझर. सून वनिता प्राथमिक शाळेत शिकवायची. वयानं तिशीच्या अलीकडे.

वनिताला रक्ताचे जुलाब सुरू झाले. आधी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी हगवण म्हणून गोळ्या दिल्या, दोन वेळा. उतरलं नाही. मग मोठ्या इस्पितळात पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, मोठ्या आतड्याला सूज आहे, आत जखमा आहेत. बाहेरून कोणी शिरलेलं नाही. शरीराचं स्वतःचं सैन्यच आपल्या आतड्यावर तुटून पडलंय. असं का होतं ते पक्कं कोणालाच माहीत नाही. आतल्या सज्जन जीवांची वस्ती उठलेली असते एवढं दिसतं. ती सुजेमुळे उठते की ती उठल्यामुळे सूज येते, यावर मॅडमची आणि डॉक्टरांची चर्चा माझ्या नोकरीइतकी जुनी होती.

औषधं झाली. स्टिरॉइडनं चेहरा भोपळ्यासारखा सुजला, जुलाब मात्र थांबले नाहीत. वनिता एकदा मला म्हणाली, "काका, मला दुसरं काही नको. चाळीस मिनिटांचा एक पिरियड, मध्ये न पळता, पूर्ण घ्यायचाय. पोरं हसत नाहीत ओ, मला जायला वाट करून देतात. त्याचंच वाईट वाटतं." घरापासून शाळेपर्यंतचं प्रत्येक शौचालय तिला पाठ होतं. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की आता एक तर मोठं आतडं काढायचं, नाही तर त्याआधी एक प्रयोग करून पाहायचा. प्रयोग म्हणजे निरोगी माणसाची शी घ्यायची, मिठाच्या पाण्यात घुसळायची, गाळायची आणि ताजी ताजी नळीतून रोग्याच्या आतड्यात सोडायची. उठलेली वस्ती पुन्हा बसवायची. घुसळणं-गाळणं आमच्याकडे, सोडणं त्यांच्याकडे. घुसळायला आम्ही साधा स्वयंपाकघरातला मिक्सर मागवला होता. स्टोअरच्या माणसानं मागणीच्या कागदावर लिहून विचारलं, चटणीचं भांडं हवं का. मी लिहिलं, नको.

दाता घरातला असला तर बरं, असं डॉक्टर म्हणाले. वनिताच्या नवऱ्याला साखर निघाली, तो बाद. तिच्या माहेरची माणसं कुठल्या ना कुठल्या तपासणीत अडकली. मी स्वतः पुढे झालो. माझंही नापास झालं. बावीस वर्षं दुसऱ्यांचं तपासलं आणि घरचा निकाल असा. राहिल्या वहिनी. वय सत्तावन्न. मुद्दे, अवरेकाळूचं म्हणजे पावट्याचं सारू, ताक, आणि दर श्रावणात बेट्टदपुरच्या डोंगरावरच्या देवळापर्यंत पायी. रक्त तपासलं, सॅम्पल तपासलं. मॅडमनी भिंगाखाली पाहिलं आणि मला बोलावून दाखवलं. दसऱ्याच्या मिरवणुकीला रस्त्यावर असते तशी गर्दी होती. "अशी वस्ती हल्ली बघायला मिळत नाही," मॅडम म्हणाल्या.

वनिताला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लग्नात त्यांची नथ घेतली. आता हे."

वहिनींना समजवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी घरचा. मी त्यांच्या सोप्यात बसून कॉफी पीत सांगितलं, "वहिनी, तुमच्या पोटात जे चांगलं आहे ते वनिताच्या पोटात घालायचं." चांगलं म्हणजे काय ते मी सांगितलं नाही. जंतू हा शब्द त्यांच्यासमोर काढायला मला संकोच वाटला. म्हटलं, बाई सोवळ्यातल्या नसल्या तरी नीटनेटक्या आहेत, कशाला उगाच. त्यांनी विचारलं, "चांगलं आहे का पण माझं?" मी म्हटलं, "मॅडमनी बोलावून दाखवलं मला." तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. दोस्त गेल्यापासून त्या चेहऱ्यावर एवढा आनंद पाहिला नव्हता.

आता फॉर्मविषयी. दात्याला दहा प्रश्न विचारायचे असतात. एकदा तपासणीच्या वेळी, ते इस्पितळातली नर्स विचारते. दुसऱ्यांदा सॅम्पल देण्याच्या दिवशी, ते माझं काम. ताप आला का, जुलाब झाले का, कोणाच्या घरी आजारी माणसाजवळ राहिलात का, गोंदून घेतलं का, परदेशी गेलात का. हे पाच. सहावा प्रश्न असा की गेल्या तीन महिन्यांत नवीन व्यक्तीशी शरीरसंबंध आला का. सातवा, अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या का. मग आणखी तीन.

ठरल्या दिवशी सकाळी आठला वहिनी आल्या. न्हाऊन, ठेवणीतली साडी नेसून, कधी नव्हे तो डोक्यात मल्लिगेचा गजरा. आम्ही दिलेला डबा बर्फाच्या पिशवीत होता, त्यात काही चूक नव्हती. पण डब्याला हिरवा खण गुंडाळला होता आणि झाकणावर हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं. मी खण सोडायला लागलो तर म्हणाल्या, "असू द्या भावजी. सुनेला काय द्यायचं ते असंच कसं द्यायचं. ओटी भरताना देतो तसंच."

मी फॉर्म काढला. पाच प्रश्न विचारले. त्यांनी पाच वेळा इल्ला, म्हणजे नाही, म्हटलं. परदेशाच्या प्रश्नाला हसल्या. मग सहावा प्रश्न आला. समोर दोस्ताची बायको, कुंकू लावलेला डबा मांडीवर घेऊन बसलेली. मी कागदाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि म्हटलं, "बाकीचं मी भरतो, तुम्ही बसा." सहा ते दहा, सगळ्यांपुढे 'नाही'वर खूण केली. खाली सही केली. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. फॉर्म लगेच इस्पितळात पाठवून दिला.

तिकडे इस्पितळात वनिताची तयारी सुरू झाली होती. आदल्या संध्याकाळपासून पोट धुण्याचं औषध पिऊन ती पार गळून गेली होती. नळी साडेदहाला.

डबा पेटीत सरकवायच्या आधी मी नेहमीप्रमाणे झाकण जरा उघडून थोडं बाहेर काढलं आणि हुंगून पाहिलं. वास नव्हता. म्हणजे अगदी नव्हता असं नाही, पण जो हवा तो नव्हता. पावसात भिजलेल्या मातीसारखं काहीतरी मवाळ येत होतं. सर्दी झाली असेल म्हणून मी शेजारची जुनी बाटली हुंगून पाहिली. नाक ठीक होतं. काचेवर एक थेंब पसरला, रंग दिला, भिंगाखाली धरला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्ता असतो तसं सगळं रिकामं होतं.

मी बाहेर आलो. वहिनी बाकावर बसल्या होत्या. "वहिनी, या आठवड्यात गोळी-बिळी काही घेतली का?"

"घेतली की," त्या म्हणाल्या. "वनिताच्या राहिलेल्या होत्या ना, जुलाबाच्या, त्या. तांदूळ द्यायचे तरी निवडून देतो. हे तर पोटात जाणार. पोरीला आधीच एवढं झालंय, मत्ते वर माझ्या पोटातली कीड कशाला. पाच दिवस घेतल्या. एक पण राहिली नसेल आता."

खरंच राहिली नव्हती. त्यांनी कामच इतकं चोख केलं होतं.

मी आत जाऊन खुर्चीवर बसलो. पावणेदहा झाले होते. सांडलं म्हणून सांगता आलं असतं. मिक्सर बिघडला म्हणूनही चाललं असतं. किंवा गप्प बसून तसंच पाठवलं असतं, तर नंतर कोणाला काय कळणार होतं. प्रयोगच तो, लागू पडला नाही, एवढंच म्हटलं असतं सगळ्यांनी. हे तिन्ही विचार माझ्या मनात आले, आणि तिसरा सगळ्यात जास्त वेळ राहिला. मला त्याची आजही लाज वाटते.

मग मी डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, "थांबवा. दात्यानं अँटिबायोटिक घेतलंय."

"फॉर्म तर माझ्यासमोर आहे," डॉक्टर म्हणाले. "सातव्यापुढे 'नाही'वर खूण आहे. खाली तुमची सही आहे."

"मी विचारलं नाही."

डॉक्टर म्हणाले, "पेशंट टेबलावर आहे, कृष्णोजीराव." आणि फोन ठेवला.

वहिनींना मी सांगितलं की मशीन बिघडलंय. त्या म्हणाल्या, "आयतु, असू दे, मशीनला आपण काय करणार." खण घडी करून पिशवीत ठेवला आणि रिक्षानं घरी गेल्या.

त्या गोळ्यांनंतर तीन महिने थांबावं लागतं. इतक्यात वस्ती परत बसत नाही. दुसरा दाता शोधायला इस्पितळानं धावपळ केली, मीही केली, मंडळातल्या अर्ध्या तरण्या पोरांना डबे दिले. एक मुलगा सगळ्यात पास झाला आणि आदल्या दिवशी मित्रांबरोबर रस्त्याकडेची पाणीपुरी खाऊन तापानं पडला. सातव्या आठवड्यात वनिताला एका रात्रीत इतकं रक्त गेलं की डॉक्टरांनी सकाळी मोठं आतडं काढलं.

डॉक्टर मला नंतर म्हणाले, "तेव्हा केलं असतं तरी लागू पडलंच असतं असं नाही. निम्म्याहून जास्त लोकांना नाही पडत." चांगला माणूस. मी ते वाक्य पुष्कळ दिवस जवळ ठेवलं. पण लागू पडणाऱ्यांतली ती असती की नाही हे बघायची संधी तिच्याकडे होती, आणि ती माझ्या पेनानं गेली. संस्थेनं मला मेमो दिला. मी तीन ओळींत उत्तर दिलं, त्यात संकोच हा शब्द होता. ऑफिसातल्या कारकुनानं तो शब्द पेन्सिलीनं गोल करून बाजूला प्रश्नचिन्ह काढलं होतं.

वनिताच्या पोटाला पिशवी लागली, काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन होऊन निघाली. दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतं, पण सांगून येतं, पळवत नाही. ती शाळेत परत गेली. एकदा रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "पिरियड पूर्ण घेते काका. पोरांनाच कंटाळा येतो." मी हसलो.

वहिनी मात्र सोडत नव्हत्या. भाजीवाल्याकडे, दुधाच्या बूथवर, देवळात, जिथे भेटतील तिथे विचारायच्या, "भावजी, मशीन रिपेरी झालं का?" वनिताचं ऑपरेशन झाल्यावरही विचारलं. मी म्हणायचो, "नाही अजून." एखादं मशीन इतके दिवस बिघडलेलं राहू शकतं यावर त्यांचा विश्वास बसत असेल असं मला वाटायचं, कारण तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

मी निवृत्त झालो. शाल मिळाली, मॅडम चार शब्द बोलल्या. त्या आठवड्यातच एका दुपारी वहिनी घरी आल्या. बायकोनं कॉफी दिली. ती त्यांनी घेतली नाही.

"आता मशीनचं सांगू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही गोळीचं विचारून आत गेलात, आणि मग मशीन बिघडलं. मी वेडी आहे का? खरं सांगा. माझं चांगलं नव्हतं ना?"

एवढे महिने त्या हेच धरून बसल्या होत्या. गोळीचं नाही, आपल्यातच काही वाईट निघालं, म्हणून आपलं सुनेला चाललं नाही, आणि हे लोक तोंडावर सांगत नाहीत. मी कल्पनाही केली नव्हती.

मग मी सगळं सांगितलं. चांगलं म्हणजे तेच जीव, जे गोळ्यांनी गेले. आधी पाहिलं तेव्हा मॅडम हरखून गेल्या होत्या, ते खोटं नव्हतं. "तुमचं फार चांगलं होतं वहिनी. मी नीट सांगितलं नाही. आणि त्या दिवशी विचारायचं होतं ते विचारलं नाही."

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. रडतील असं वाटलं, रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाच विचारलेत. मग थांबलात. का?"

"सहावा अडला."

"काय होता सहावा?"

मी बायकोकडे पाहिलं. ती आत गेली नाही, उलट खुर्ची ओढून बसली.

"वाचा," वहिनी म्हणाल्या.

फॉर्म मला पाठ होता. खाली बघत सहावा प्रश्न म्हणून टाकला. गेल्या तीन महिन्यांत नवीन व्यक्तीशी शरीरसंबंध आला आहे का?

"इल्ला," वहिनी म्हणाल्या, परदेशाला म्हणाल्या होत्या त्याच आवाजात. "पुढचा?"

"गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या आहेत का?"

"घेतल्या," त्या म्हणाल्या. "पाच दिवस. सकाळ-संध्याकाळ."